खारीने पेरलेला ओक आणि कुंडीची घाई

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. गेल्या वर्षी खारींनी आमच्या बॅकयार्डात पुरून ठेवलेल्या ओकच्या बियांची यंदा सात-आठ रोपं आली आहेत, वीतभर उंचीची. शिवाय नर्सरीतून पाइनची दोन लहान झाडं आणली आहेत. या सगळ्यांचं बोन्साय करायचं मनात आहे. उथळ, देखण्या कुंड्याही मागवल्या. रोपं त्यांत लावून हॉलमध्ये ठेवली आणि वरचेवर छाटत राहिलं की झालं ना? साताऱ्याहून आलेल्या आईला मात्र हा प्रकार पसंत नाही. झाडाला उपाशी ठेवून खुजं करणं तिला पाप वाटतं. तरी परत जाताना ओकच्या चार बिया पर्समध्ये टाकून न्यायचा तिचा बेत आहेच! साताऱ्यात ओक येईल का?

उत्तर : कुंड्या आल्या असतील तर तूर्त त्या माळ्यावर टाका. निदान पाच-सात वर्षं त्यांचं काही काम नाही. हे वाचून विरस होईल, पण तुमच्या प्रश्नातली खरी गाठ इथेच आहे. वीस-पंचवीस मीटर वाढणारं झाड हातभर उंचीचं कसं राहतं, या कोड्याचं उत्तर बहुतेकांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं : रोप कोवळं असतानाच लहान कुंडीत कोंबायचं, खतपाणी बेताचं द्यायचं आणि डोकं वर काढलं की कात्री लावायची. असं केलंत तर दहा वर्षांनी तुमच्याकडे काय असेल? दहा वर्षांचं रोप. पेन्सिलीएवढी काडी आणि तिच्यावर चार-दोन पानं. चांगलं बोन्साय पाहून आपण थबकतो, कारण एवढंसं असूनही ते जुनं, उन्हापावसात मुरलेलं झाड वाटतं. तो जुनेपणा मुख्यतः बुंध्यात असतो, आणि कुंडीत बसवलेल्या कोवळ्या रोपाला बुंधा धरत नाही.

का धरत नाही, ते पाहू. पानं उन्हात साखर तयार करतात आणि त्या साखरेवर सालीखाली दरवर्षी लाकडाचा एक नवा थर चढतो. पानं भरपूर असतील तर थर जाड, खुडलेली असतील तर पातळ. लहान कुंडीत मुळं पसरत नाहीत, म्हणून फांद्या जोर धरत नाहीत, म्हणून पानं थोडी, म्हणून बुंधा जवळजवळ आहे तिथेच थांबतो. घडवून पूर्ण झालेलं झाड तसंच राहावं यासाठी हाच गुण कामाला येतो. कुंडी असते ती त्यासाठीच. पण ती शेवटची पायरी. त्याआधी रोप जमिनीत मोकळं वाढू द्यायचं, बुंधा हवा तेवढा भरला की वरचं खोड छाटायचं, उरलेल्या ठेंगण्या बुंध्यावर नव्या फांद्या घडवायच्या, आणि मग कुंडी. बोन्साय करणाऱ्यांचा एक ढोबळ हिशोब आहे : झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट असावी. म्हणजे ३० सेंटिमीटरचं झाड हवं तर बुंधा ५ सेंटिमीटर जाड हवा. तुमच्या रोपांना एकदा पट्टी लावून पाहा, मी कुंड्या माळ्यावर का पाठवल्या ते कळेल.

आता आईंचा आक्षेप. तो पुष्कळ जणांचा असतो, पण त्यामागची समजूत बरोबर नाही. बोन्सायला उपाशी ठेवत नाहीत. उलट ओंजळभर मातीत साठा कसला राहणार, आणि रोजच्या पाण्याबरोबर खतही वाहून जातं, म्हणून त्याला नियमाने भरवावं लागतं. उन्हाळ्यात दोन दिवस गावाला जायचं झालं तर शेजाऱ्याला किल्ली देऊन जावं लागतं. मुळं आणि फांद्या कापतात हे खरं. पण वाढत्या झाडाला योग्य वेळी केलेली छाटणी मानवते. द्राक्षबागायतदार दरवर्षी तेच करतात. आईंची खात्री पटवायची असेल तर एकदा त्यांना वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममधल्या बोन्साय संग्रहालयात घेऊन जा. तिथे १६२५ पासून कुंडीत जोपासलेला एक जपानी पांढरा पाइन आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत तो होता, आणि १९४५ साली बाँब पडला तेव्हा भिंतीच्या आडोशाने वाचला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९७६ मध्ये, जपानने ५३ बोन्साय भेट दिली, त्यांत हाही आला. देणाऱ्यांनी बाँबचा फारसा गाजावाजा केला नाही. २००१ मध्ये यामाकींचे नातू झाड पाहायला आले तेव्हा ती हकिकत संग्रहालयाला नीट कळली. चार शतकं एका झाडाला उपाशी ठेवता येत नाही.

जाता जाता आणखी एक. ‘बोन्सायच्या बिया’ म्हणून पाकिटं विकायला असतात, ती साध्या झाडांच्याच बियांची. बोन्साय ही वेगळी जात नव्हे. बटुत्व बीमध्ये नसतं, सगळं घडवण्यात असतं. कुंडीतला तो पाइन जमिनीत लावला तर पुन्हा वाढायला लागेल.

आता तुमची रोपं. आधी ओक कोणता ते ठरवू. पानाच्या कडेला जे फाटे असतात त्यांची टोकं पाहा. टोकाला केसासारखं बारीक कुसळ असेल तर तो लाल ओकच्या गटातला, आणि फाटे गोलसर, गुळगुळीत असतील तर पांढऱ्या ओकच्या. न पाहताच सांगायचं तर माझी पैज लाल गटावर आहे, आणि ती खारींच्या भरवशावर. पांढऱ्या ओकची बी शरद ऋतूत खाली पडल्याबरोबर रुजायला लागते, म्हणजे साठवायच्या आतच खाऊ संपला. म्हणून करड्या खारी पुरण्याआधी तिचा अंकुर कुरतडून टाकतात. लाल ओकची बी हिवाळाभर थंडीत पडून राहिल्याशिवाय रुजत नाही, ती त्या तशीच पुरतात, आणि काही विसरतात. न्यू जर्सीचं राज्यवृक्षपदही १९५० पासून लाल ओककडेच आहे, त्यामुळे आसपास त्याची वाण नाही.

बोन्सायसाठी मात्र लाल ओक काहीसा अवघड. त्याचं पान तळहाताहून मोठं होतं. वर्षानुवर्षं छाटणी करून बारीक काड्यांचं जाळं वाढलं की पानं लहान होतात, पण अर्ध्यावर आली तरी पुष्कळ. हातभर झाडावर अशी पानं म्हणजे लहान मुलाच्या अंगात वडिलांचा शर्ट. म्हणून लाल ओकचं बोन्साय करायचं तर थोरलं करावं, ६० ते ७५ सेंटिमीटरचं. वरच्या हिशोबाने त्याला १० सेंटिमीटरहून जाड बुंधा लागेल, म्हणजे जमिनीत निदान दहा-बारा वर्षं. एवढा धीर नसेल तर युरोपातल्या इंग्लिश ओकची दोन रोपं घ्या, त्याचं पान मुळातच लहान असतं. पण खारींनी फुकट दिलेली रोपं टाकूही नका. हात बसायला ती फार चांगली.

या हिवाळ्यात त्यांना आहेत तिथेच राहू द्या. फक्त जाळीची गोल टोपली करून प्रत्येकावर ठेवा, नाहीतर हरणं आणि ससे तुमचं बोन्साय तुमच्याआधी करून टाकतील. काही रोपांवर वाळलेली तपकिरी पानं वसंतापर्यंत लटकत राहतील. ओकच्या कोवळ्या झाडांची ती रीतच आहे, रोप मेलं असं समजू नका. शंका आली तर नखाने साल जराशी खरवडून पाहा. खाली ओलसर हिरवं दिसलं की झाड जिवंत.

मार्च सरता सरता किंवा एप्रिलच्या सुरुवातीला डोळे फुगायला लागतील, पण उघडलेले नसतील. खणायची वेळ ती. खोल खणावं लागेल, कारण ओकची बी आधी खाली जाते आणि मग वर येते : वीतभर रोपाखाली दीड वीत सोटमूळ असायचं. बोटाएवढं जाड, गाजरासारखं सरळ, आणि बाजूला केसांसारखी बारीक मुळं. हे सोटमूळ खालचं पाणी शोधण्यासाठी असतं, दोन इंच खोल कुंडीत त्याचा उपयोग नाही आणि ते राहिलं तर बाजूची मुळं जोर धरत नाहीत. धारदार कात्रीने ते वरून चार-पाच सेंटिमीटर ठेवून बाकी कापा. पण कापण्याआधी पाहा, ठेवलेल्या तुकड्यावर बारीक मुळं आहेत ना. नसतील तर यंदा थोडं खालीच कापा आणि उरलेलं दोन वर्षांनी. मग जमिनीत जरा उथळ खड्डा करून तळाला एक फरशीचा तुकडा ठेवा, त्यावर रोप बसवा आणि बाजूची मुळं चारी अंगांनी पसरून माती लोटा. खाली वाट बंद झाल्याने मुळं आडवी धावतात आणि काही वर्षांनी बुंध्याशी तो पसरलेला पाया दिसू लागतो, ज्याच्यामुळे झाड जमिनीत रुतून बसल्यासारखं वाटतं. यापुढे वरच्या वाढीला कात्री लावायची नाही. दर दोन-तीन वर्षांनी वसंताच्या तोंडाशी उकरून मुळं आखूड करायची, एवढंच. बुंधा भरला की वसंतात डोळे उघडण्याआधी खोड कापायचं. ओक इथे दिलदार आहे. कापलेल्या बुंध्यावर जुने निजलेले डोळे जागे होतात आणि धुमारे फुटतात. त्यांतला एक नवा शेंडा म्हणून ठेवायचा, तो जाड झाला की पुन्हा कापायचा. अशा दोन-तीन टप्प्यांत खोड खाली जाड आणि वर निमुळतं होत जातं.

पाइनच्या बाबतीत यातलं काहीही गृहीत धरू नका. नवशिक्यांचे बहुतेक पाइन मरतात ते ओकसारखं वागवल्यामुळे. पाइनच्या ज्या फांदीवर एकही हिरवी सुई उरली नाही ती सहसा पुन्हा फुटत नाही, वाळून जाते. म्हणून खोड किंवा फांदी कापताना खाली हिरव्या सुया आहेत याची खात्री करायची, आणि बुंध्याजवळच्या खालच्या फांद्या ‘साफ’ करायच्या नाहीत. पुढे झाड त्यांच्यातूनच घडवायचं आहे. बुंधा जाड करायचा तर शेंड्याकडची एक फांदी बेफाम वाढू द्यायची आणि खालच्या फांद्यांवर तिची सावली पडू द्यायची नाही. ही बळीची फांदी : बुंधा भरला की ती जाते.

पाइन कोणता हे सुया मोजून कळतं. सुया झुपक्यांनी येतात. एका झुपक्यात दोन असतील तर तो जपानी काळा पाइन, स्कॉट्स पाइन किंवा मुगो यांपैकी असू शकेल, आणि ही तिन्ही बोन्सायला चांगली. पाच असतील तर अमेरिकेतला पूर्वेकडचा पांढरा पाइन असण्याची शक्यता मोठी. त्याच्या सुया लांब आणि मऊ, बोन्साय म्हणून तो मनासारखा बसत नाही. तीन असतील तर कदाचित तुमच्याच राज्यातला पिच पाइन, आणि मग तुम्ही नशीबवान. मघाशी सांगितलेल्या नियमाला हा अपवाद आहे : खोड कापलं, अगदी जळलं, तरी तो जुन्या सालीतून फुटतो. दक्षिण न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्समध्ये वॉरन ग्रोव्हच्या आसपास हजारो एकरांवर पिच पाइन आणि त्याच्या सोबतीला ब्लॅकजॅक ओक असं एक बुटकं रान आहे. झाडं माणसाच्या उंचीची, क्वचित थोडी जास्त. वारंवार लागणाऱ्या वणव्यांनी वरचं जळून जातं आणि बुडातून पुन्हा फुटवा येतो, म्हणून ती वाढतच नाहीत. ओक आणि पाइन एकत्र, दोन्ही ठेंगणे, आणि कात्री आगीच्या हातात. एखादा रविवार काढून पाहून याच. रोप मात्र उपटून आणू नका, ते राखीव क्षेत्र आहे.

तुमचे दोन्ही पाइन वसंतात मोठ्या रोवळीत लावा. खरोखरच, भाजी धुवायची प्लास्टिकची रोवळी. बोन्सायवाले ती मुद्दाम वापरतात. मुळाचं टोक भोकाबाहेर डोकावलं की हवेने सुकतं आणि मागून चार नवी फुटतात; कुंडीत तेच मूळ भिंतीला वेटोळे घालत बसलं असतं. लावताना जुनी माती सगळी झटकू नका, अर्धी राहू द्या. मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर धुवायला धावू नका. ती पाइनची सोबतीण आहे, मुळांना पाणी आणि अन्न मिळवून देते. खोडाला बाक द्यायचा तर तो आताच, खोड लवचीक आहे तोवर. ॲल्युमिनियमची तार खोडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या जाडीची घ्या, तिरक्या वेढ्यांनी गुंडाळा आणि हळूहळू वळवा. उन्हाळ्यात दर आठवड्याला नजर टाका; तार सालीत रुतायला लागली की सोडवू नका, कापून काढा. मे महिन्यात टोकांना मेणबत्तीसारखे कोंब उभे राहतील. पुस्तकात ते खुडायला सांगितलेलं असतं. ते जपानी काळ्या पाइनच्या जोमदार, घडलेल्या झाडासाठी. तुमच्या पोरवयाच्या झाडांचे कोंब काही वर्षं तसेच राहू द्या.

माती आणि पाणी यांबद्दल एक गैरसमज फार जुना आहे, आणि तो आपल्याकडून सातासमुद्रापार गेलेला दिसतो : कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो. होत नाही. भांडी घासायचा ओला स्पंज आडवा धरा, पाणी ठिबकायचं थांबू द्या, मग तोच उभा करा. आणखी पाणी गळेल. म्हणजे तळाशी एका ठरावीक उंचीपर्यंत पाणी धरूनच राहतं, आणि आडव्या स्पंजात तो ओला भाग प्रमाणाने मोठा असतो. उथळ कुंडीचं हेच होतं. खाली खडी घातली तर तो ओला थर नुसता वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. उपाय सगळी माती भरड करण्यात आहे : ज्वालामुखीच्या खडकाचे, प्युमिसचे किंवा अकाडामा नावाच्या जपानी मातीचे ३ ते ६ मिलिमीटरचे दाणे, धूळ चाळून काढलेले. भोकावर एक जाळीचा तुकडा पुरे. पाणी घड्याळ पाहून घालू नका, बोटाने वरचा थर चाचपून घाला आणि घालाल तेव्हा खालून वाहीपर्यंत.

हॉलचं काय? हॉल विसरा. ओक आणि पाइन या दोघांनाही कडक हिवाळा लागतो. थंडीत ती झोपतात आणि ती झोप मिळाल्याशिवाय वसंतात नीट उठत नाहीत. हीटरच्या कोरड्या हवेत खिडकीजवळ ठेवलेला पाइन आणखी फसवा : मेल्यावरही काही आठवडे हिरवाच दिसतो, आणि तोवर आपण कौतुकाने पाणी घालत असतो. बाहेरही एक काळजी मात्र घ्यावी लागते. फांद्या जेवढी थंडी सोसतात तेवढी मुळं सोसत नाहीत. जमिनीत माती त्यांना सांभाळते, कुंडीत किंवा रोवळीत चारी बाजूंनी गारठा लागतो. म्हणून डिसेंबरच्या आधी रोवळ्या डेकवरून उतरवून जमिनीवर ठेवा, घराच्या भिंतीलगत वारा लागणार नाही अशा जागी, आणि भोवती बॅकयार्डातला पालापाचोळा कडेपर्यंत लोटा. पाइनच्या सुया हिवाळ्यातही वाऱ्याने पाणी गमावत असतात आणि गोठलेल्या मातीतून ते भरून निघत नाही, म्हणून त्याला वाऱ्याचा आडोसा जास्त महत्त्वाचा. गरम न केलेलं गराजही चालेल, फक्त माती अगदी कोरडी होऊ देऊ नका.

उरला आईंच्या पर्सचा प्रश्न. ती पर्स विमानतळावर उघडली जाणं बरं नाही. परदेशातून बी किंवा रोप भारतात आणायला आयातीचा परवाना आणि तिकडच्या सरकारचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. चार बियाही त्यातून सुटत नाहीत. आणि सुटल्या तरी फायदा नाही. साताऱ्याची थंडी माणसाला स्वेटर घालायला लावते, ओकला झोपवत नाही. भारतात ओक आहेत, पण ते मुख्यतः हिमालयात : उत्तराखंडातला बांज ओकच आहे आणि त्याच्याजवळचा चीड हा पाइन. आपल्याकडच्या नर्सरीत ‘सिल्व्हर ओक’ मिळतो तो ऑस्ट्रेलियातून आलेला, ओकशी त्याचं नातं नाही. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकतात तोही खरा पाइन नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरूही नव्हे, पण दिसायला त्याच्यासारखा, उन्हाला खंबीर आणि छाटणीला सोशिक. पाइनची हौस साताऱ्यात भागवायची तर सुरूवर भागवावी.

त्याहून सोपा वड, उंबर किंवा पिंपळ. गच्चीच्या कडेला, भिंतीच्या फटीत तो आपणहून आलेला असतो आणि वर्षानुवर्षं फटीत राहिल्याने बुंधाही मुरडलेला, जाड. देवाच्या झाडांना कात्री लावायला आईंचं मन घेणार नसेल, तर कुणी कुंपणावरची जुनी बोगनवेल तोडतंय का याकडे लक्ष ठेवायला सांगा. मनगटाएवढा दीड वीत तुकडा मागून आणावा, पावसाळ्याच्या सुरुवातीला भरड मातीत खोवून सावलीत ठेवावा. असे जाड तुकडेही मुळं धरतात. सगळेच धरत नाहीत, म्हणून तीन-चार लावावेत. बुंधा आयता मिळाल्याने तुम्हाला जी दहा वर्षं थांबावं लागणार आहे ती आईंची वाचतील.